पेटीतला हातगुण

आई गेल्यानंतर चौदाव्या दिवशी मी पेटीच्या काचेवर कागद चिकटवला. ‘दार उघडू नये. कुणीही.’ शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. घरात आम्ही तिघंच उरलो होतो, मी, माझा नवरा श्रीरंग आणि नऊ वर्षांची आमची गार्गी, त्यामुळे तो कागद कुणासाठी आहे हे कुणालाच विचारावं लागलं नाही.

तरी गार्गीने विचारलं, “टोमॅटो पाहिजे असेल तर?”

“खालचा खण आहे ना. रोज सकाळी त्यात येतात.”

“आजी मला झाडावरचा तोडू द्यायची.”

“आता पेटी तोडते. आजीसारखाच तोडते.”

“आजी तोडताना बोलायची,” ती म्हणाली आणि दप्तर घेऊन निघून गेली.

आमची पेटी गॅलरीच्या भिंतीला लावलेली आहे. दोन कपाटांएवढं काचेचं शेत म्हणा. लागोपाठच्या कडक उन्हाळ्यांनी भाजी बाजारातून दिसेनाशी झाली, तेव्हापासून नाशिकच्या बहुतेक सोसायट्यांमध्ये कपडे धुण्याच्या मशीनसारखी घरोघर पेटी आली. नवरा-बायको दोघं बाहेर, मूल शाळेत, अशा घरांसाठीच ती बनवलेली. मुळांना धुक्यासारखं पाणी, वरून दिव्यांचं ऊन, आणि आठवड्याला सहा-सात किलो भाजी.

सुरुवातीच्या पेट्यांतली भाजी मात्र कुणाला आवडत नसे. झाडं उंच, लुळी, आणि चव पाण्याची. कारण उशिरा कळलं. उघड्यावरच्या झाडाला वारा हलवतो, किडा त्याच्यावर चालतो, माणूस जाता-येता हात लावतो. प्रत्येक स्पर्शाला झाड उत्तर देतं. पेशींमधून विजेची एक बारीक लहर जाते, वाढ जराशी थांबते, खोड जाड होतं, पानांत वासाची आणि कडवटपणाची द्रव्यं वाढतात. आपण ज्याला चव म्हणतो, तिचा बराचसा भाग म्हणजे झाडाचं हे उत्तर असतं. कंपन्यांनी पेटीत पंखे लावून पाहिले. पंख्याच्या एकसारख्या वाऱ्याला झाडं चार दिवसांत सरावली आणि उत्तर देईनाशी झाली.

झाडांनी उत्तर दिलं ते बागेत मुरलेल्या माणसाच्या हातालाच. तो हात एकसारखा नसतो. झाड बघून तो कमी-जास्त होतो. मग पेटीला हात शिकवायचं ठरलं. देठाला चिकटवलेल्या केसाएवढ्या तारा झाडाची लहर मोजतात. दाराच्या चौकटीतली यंत्रं माणसाचा हात मोजतात: किती दाब, कुठून खुडलं, मध्ये किती थांबला. दोन्ही जुळवून पेटी त्या माणसाची रीत शिकते आणि माणूस घरात नसला तर दोन बारीक यांत्रिक बोटांनी तीच रीत चालवते. कंपनीने याला नाव दिलं ‘हातगुण’.

एक गोष्ट मात्र माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरात होती. पेटी जुना हात वेगळा जपून ठेवत नाही. कालच्या दह्याचं आज विरजण लागतं, आजच्याचं उद्या. शंभर दिवसांनी पहिल्या दह्यातलं काय उरलं, कुणी सांगावं? नवीन हात लागला की जुना पातळ होत जातो. तो तसाच ठेवायचा असेल तर एकच उपाय. दार बंद ठेवायचं.

म्हणून तो कागद.

आई सिन्नरच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवत होती. शाळेच्या क्वार्टरमागे चार हात जागा होती, तिथे ती वाल, दोडके, वांगी लावायची. शेजारपाजारचे लोक मरत आलेलं रोप कुंडीसकट तिच्या ओट्यावर आणून ठेवत. गुडघे दुखायला लागले तेव्हा मी तिला इकडे अकराव्या मजल्यावर आणलं. इथे तिला करायला काहीच नव्हतं. पेटी मी तिच्यासाठीच घेतली. “तुझा हात आता यंत्रात जाणार,” असं मी म्हणाले तेव्हा ती हसली होती आणि हात पदरात गुंडाळून घेतले होते.

आता त्या पेटीसमोर मी रोज सकाळी दहा मिनिटं उभी राहायची. यांत्रिक बोटं तुळशीचा शेंडा खुडायची, मग थांबायची. चार सेकंद, कधी पाच, एकदा मी अकरा मोजले. मग पुढचा शेंडा. इतर कुणाच्या पेटीत असं थांबणं मी पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, ही आई विचार करते आहे. फळ्यावर नकाशा काढताना ती अशीच मध्ये थांबायची.

आईबरोबर दिवसभर राहायला आम्ही रंजनाताईंना ठेवलं होतं. पन्नाशीच्या, मखमलाबादच्या. सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा. आई गेल्यावर त्यांना काम उरलं नाही. मी तसं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “आन् पेटीचं कोण बघणार?”

“पेटीच बघेल. आईचा हात आहे तिच्यात.”

त्यांनी एकदा पेटीकडे पाहिलं. मग “बरं” म्हणाल्या आणि चपला घातल्या.

*

दीड महिन्याने गार्गीने दार उघडलं. मी क्लिनिकमधून आले तेव्हा ती पेटीत खांद्यापर्यंत वाकली होती आणि मिरचीच्या झाडाशी काहीतरी चालू होतं.

मी तिला दंडाला धरून मागे ओढलं. याआधी मी तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. त्या दिवशीही उगारला नाही, पण ती दचकून भिंतीला टेकली, त्यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते मला कळलं.

“आजीचा हात पुसला जाईल! कळतं का तुला?”

“मी फक्त पिवळं पान काढलं,” ती रडत म्हणाली. “ते किती दिवस तसंच होतं. पेटीला दिसतच नव्हतं.”

श्रीरंग तिला आत घेऊन गेला. मी दुरुस्तीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागूलकाका आले. साठीचे, एके काळी मोबाइलचं दुकान चालवलेले, बोलके. त्यांनी आपला पडदा पेटीला जोडला आणि एक आलेख माझ्यासमोर धरला.

“घाबरायचं कारण नाही, ताई. ही बघा तुमच्या मुलीची दोन मिनिटं. काढून टाकली. झालं. पेटी तसंही नको ते गाळतेच. बाईंच्या बांगड्यांचा आवाज नाही का रोज गाळत होती?”

“कुठल्या बांगड्या?”

“ही बारीक टोकं दिसतात ना? काचेच्या बांगड्या. चौकटीला लागतात तेव्हा अशी उमटतात. धातूच्या असत्या तर मागे शेपूट लांब राहिलं असतं.” त्यांना आपल्या विद्येचं कौतुक होतं. “डझनभर तरी असणार हातात.”

“माझी आई बांगड्या घालत नव्हती,” मी म्हणाले. “खडू धरताना फळ्यावर आपटतात म्हणून नोकरीला लागली तेव्हाच काढल्या. एका हातात घड्याळ, बस.”

बागूलकाकांनी आलेखाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मग कुणाच्या?”

अकरा ते सहा या वेळात घरात दोनच माणसं असायची.

“कधीपासून आहेत या?” मी विचारलं.

“रोजची नोंद फार मागची राहत नाही. महिन्याचा गोषवारा राहतो, तो बघतो.” त्यांनी बरंच मागे नेलं. “पेटी दोन वर्षांपूर्वी बसवली. पहिले दोन महिने बांगड्या नाहीत. तिसऱ्यापासून आहेत, त्या शेवटपर्यंत.”

“पहिल्या दोन महिन्यांतला हात कसा आहे?”

ते जरा घुटमळले. “दाब फार आहे. आपण किती जोरात धरलंय हे बोटांना कळत नसावं, असा. रोपं मोडली आहेत. अकरा.”

“तो हात परत काढता येईल?”

“आता कुठला, ताई. त्याला किती शंभर दिवस होऊन गेले.”

मी फिजिओथेरपिस्ट आहे. त्यातही हातांची. दिवसभर लोकांचे हात माझ्या हातात असतात. बोटांची टोकं बधिर होऊ लागली की माणूस कप दोन्ही हातांनी धरतो, कागदावर सही टाळतो, हुकांचे कपडे सोडून देतो, हे मी इतरांना शिकवते. आई चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागली तेव्हा मला वाटलं, तिला ऊब हवी आहे. ब्लाउजच्या हुकांचा कंटाळा येतो म्हणाली तेव्हा मीच तिला तीन गाऊन आणून दिले. मधुमेह तिला वीस वर्षांपासून होता. रोपं मेली तेव्हा तिने फोनवर सांगितलं होतं, “पेटी काही जमत नाही गं मला.” माझ्या समोर पेशंट होता. मी म्हणाले, “होईल सवय.”

बागूलकाका वायरी गुंडाळत होते. “एक सांगतो. कंपनीच्या नोंदीत हातावर आईंचं नाव आहे, ते खरं तर बदलायला हवं. हात ज्याचा त्याचा असतो. त्या बाईंनी मागितला तर कंपनीला त्यांच्या नावावर करून द्यावा लागतो, आणि मग इथून पुसतात. एक हात दोन ठिकाणी ठेवत नाहीत.”

“त्यांना हे माहीत नाही.”

“मग मीपण काही बोललो नाही,” ते म्हणाले आणि पिशवीची चेन ओढली.

*

रविवारी मी मखमलाबादला गेले. रंजनाताई दारात बसून मेथी निवडत होत्या. मला पाहून त्यांनी आधी हात पुसले, मग उठल्या, आणि “या” म्हणायच्या आत विचारलं, “काही सापडत नाहीये का, ताई, घरातलं?”

“नाही, नाही. मी सहज आले.”

“सहज,” त्या म्हणाल्या. त्यांचा विश्वास बसला नव्हता. आत जाऊन पाणी घेऊन आल्या.

मी सरळच विचारलं. “पेटीचं काम तुम्ही करत होता?”

त्यांनी मेथीच्या काड्या एका बाजूला केल्या. “बाईंनी शपथ घातली होती मला. म्हणल्या, हेमाला बोलायचं नाही. तिनं एवढ्या हौसेनं आणलंय. आन् कळलं तर लगेच रजा टाकील, दवाखाने सुरू करील.”

“टाकली असती मी रजा.”

“हो ना. तेच त्या म्हणायच्या.”

“मी तुम्हाला कामावरून काढलं, तेव्हा तरी सांगायचं.”

“तेव्हा सांगितलं असतं तर तुम्हाला काय वाटलं असतं? बाई गेली, आन् ही आपल्या नोकरीसाठी बोलतीय.” त्या पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलल्या. “तुम्ही म्हणलात आईचा हात आहे. म्हणलं, असू द्या. तुम्हाला तेवढंच.”

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. मी पाण्याचा ग्लास उचलला.

“मग आई काय करायची दिवसभर?”

“खुर्ची टाकून बसायच्या. सांगायच्या. इथून नको, दोन पानं सोडून खुड. असा नको, नखानं खुड. आम्ही काय लहानपणी भाज्या लावल्या नाहीत का? पण बाईंपुढं मी अडाणीच.” त्यांना हसू आलं. “आन् भूगोल घ्यायच्या माझा.”

“भूगोल?”

“मी सातवीत शाळा सोडली, हे चुकून बोलून गेले एकदा. झालं! दुसऱ्या दिवसापासून सुरू. एक शेंडा, एक देश. राजधानी सांगितल्याबिगर पुढचा शेंडा खुडायचा नाही. विचारा मला. मंगोलिया विचारा.”

“मंगोलिया.”

“उलानबातर. पेराग्वे?” त्यांनीच विचारलं आणि त्यांनीच सांगितलं. “असुन्सिओन. बुर्किना फासोची वागाडुगु. ती ऐकून मी इतकी हसले की वांग्याचं रोपच मोडलं. बाई रागावल्या, आन् मग त्याच हसत सुटल्या. डोळ्याला पाणी येईस्तोवर.”

आई डोळ्याला पाणी येईपर्यंत हसलेली मी शेवटची कधी पाहिली होती, ते मला आठवेना.

“राजधानी आठवली नाही तर?”

“तर थांबायच्या. सांगायच्या मात्र नाहीत कधी. माझा हात तसाच शेंड्यावर, आन् त्या थांबलेल्या. लई वेळ थांबायच्या. घाई नाही, रंजना, म्हणायच्या, देश कुठं पळून जात नाही.”

मी ग्लास खाली ठेवला. पेटीतलं ते थांबणं आईचं नव्हतं. आणि आईचंच होतं. रंजनाताई आठवत होत्या आणि आई त्यांच्यासाठी थांबली होती. तेवढी जागा पेटीने शिकून घेतली होती.

निघताना मी विचारलं, आता काम कुठे करता. “मेसमध्ये. सकाळच्या दीडशे पोळ्या. एका मोठ्या सोसायटीच्या गच्चीशेतीवर माणूस पाहिजे होतं, तिथं गेले होते. म्हणे, हाताची नोंद दाखवा. मी म्हणलं, माझ्या घरी कुठली आलीय पेटी!”

त्या हे गमतीने सांगत होत्या. आमच्या पेटीतली नोंद त्यांना मागता येते, हे मी सांगितलं नाही. मेथीची एक जुडी त्यांनी बळेच माझ्या पिशवीत घातली.

*

पुढचे आठ दिवस मी पेटीसमोर दहा मिनिटांऐवजी अर्धा तास उभी राहिले. बोटं शेंडा खुडायची, थांबायची, आणि त्या थांबण्यात मी मनातल्या मनात देश विचारायची. चाड. सुरिनाम. भूतान. समोर कुणी उत्तर देत नव्हतं, तरी पुढचा शेंडा खुडला गेला की मला सुटल्यासारखं वाटायचं. आईच्या आवाजाचे चार निरोप माझ्या फोनमध्ये आहेत, फोटो आहेत, तिचं घड्याळ आहे. पण दुसऱ्यासाठी थांबलेली आई फक्त इथे होती.

श्रीरंगला मी सगळं सांगितलं. तो पोळ्यांची कणीक मळत होता.

“त्यांना माहीत आहे का, असं मागता येतं ते?”

“नाही.”

“आणि बागूलकाका?”

“ते बोलणार नाहीत.”

“म्हणजे तुला कुणी काही विचारणार नाही.”

“नाही.”

त्याने कणकेचा गोळा उलटा केला. “दीडशे पोळ्या म्हणालीस ना?”

“हो.”

“त्याच हाताने.” एवढं बोलून त्याने परात झाकली आणि कुकर लावायला गेला. मला त्याचा राग आला. तो राग दोन दिवस टिकला. मग मी बागूलकाकांना फोन केला, आणि त्यानंतर रंजनाताईंना.

शनिवारी रंजनाताई आल्या. नवीन साडी नेसून आल्या होत्या, जणू कुणाच्या घरी हळदीकुंकू आहे. बागूलकाका त्यांना म्हणाले, “तळवा चौकटीवर ठेवायचा, बांगड्या जरा वर सारा,” तर त्या म्हणाल्या, “राहू द्या, पेटीला सवय आहे.” पडद्यावर आईचं नाव होतं, ते गेलं. तिथे ‘रंजना पोपट गवळी’ आलं. पुढची पाच मिनिटं काहीच घडल्यासारखं दिसलं नाही. मग यांत्रिक बोटं आपल्या खाचेत जाऊन बसली.

“झालं?” रंजनाताईंनी विचारलं.

“झालं. आता ही नोंद घेऊन कुठंही जा, बिनधास्त,” बागूलकाका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “इथे कंपनीचा साधा हात घालून देऊ? सगळीकडे तोच असतो. भाजी येते व्यवस्थित.”

“नको,” मी म्हणाले. “सध्या काही नको.”

रंजनाताई पेटीत वाकल्या आणि वरच्या वेलाकडे बघत राहिल्या. “दोडक्याला या आठवड्यात फुलं येतील. पाच-सव्वापाचला उमलतात. अकराव्या मजल्यावर भुंगा कुठनं यायचा, आपणच लावायचं. नराचं फूल तोडायचं, पाकळ्या मागं करायच्या. ज्या फुलामागं बारीक दोडका असतो ना, त्याच्यावर टेकवायचं. चोळायचं नाही, ताई. टेकवायचं.”

“पाच वाजता मी घरी नसते.”

“हो,” त्या म्हणाल्या. “माहितीय की मला.”

बुधवारी मी दुपारनंतरच्या सगळ्या पेशंटना पुढच्या वेळा दिल्या आणि चार वाजता घरी आले. कामाच्या दिवशी त्या वेळी हे घर मी कधी पाहिलं नव्हतं. ऊन गॅलरीतून सरकत जेवणाच्या टेबलापर्यंत आलेलं होतं. खालच्या मैदानावरही कुणी नव्हतं. फ्रिजचा आवाज सुरू झाला, बंद झाला. मी फोन पाहिला, ठेवला, पुन्हा पाहिला. चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

सव्वापाचला पहिली कळी सैल झाली. ती उमलताना दिसत नाही, मधेच नजर काढली की पुढे गेलेली असते. पिवळं, चुरगळलेल्या कागदासारखं फूल. मी नराचं फूल तोडलं, पाकळ्या मागे केल्या आणि मादीवर टेकवलं. जोर जास्त झाला. देठ मोडून फूल माझ्या हातात आलं, मागच्या करंगळीएवढ्या दोडक्यासकट. हातांवर माझं पोट चालतं, तरी जोराचा अंदाज चुकला होता.

दुसऱ्या फुलाला मी देठाखाली डावा हात धरला आणि श्वास रोखून टेकवलं. पिवळी पूड चिकटली. फूल जागेवर राहिलं.

पावणेसहा झाले होते. गार्गी सातला येणार होती, श्रीरंग साडेसातला. मी वेलाची पानं बाजूला केली आणि तिसरं फूल शोधू लागले.